डॉक्सीची कॅप्सूल गिळायची कशी, आणि अँटिबायोटिक हातात आल्यावर विचारायचं काय

डॉक्सीसायक्लिन, म्हणजे डॉक्सी, या अँटिबायोटिकची कॅप्सूल घोटभर पाण्याबरोबर गिळून लगेच आडवं पडायचं नाही. औषधाच्या काउंटरवर उभी राहून हे वाक्य मी रोज बोलते, चिठ्ठीवर डॉक्सी दिसली की आधी तेच सांगते. पण त्यामागचं कारण सांगायला तिथे सवड मिळत नाही, मागे माणसं उभी असतात, ज्याच्यासाठी औषध न्यायचंय तो घरी तापाने फणफणलेला असतो, आणि समोरच्याला कधी एकदा गोळ्या घेऊन निघतो असं झालेलं असतं. म्हणून इथे निवांत लिहितेय. सुरुवात डॉक्सीपासून करते कारण ती खूप चांगली आणि खूप वापरातली गोळी आहे, १९६७ पासून बाजारात आहे, स्क्रब टायफस (बारीक किडे चावून येणारा ताप), लेप्टो (उंदरांच्या मुतातून पसरणारा ताप), क्लॅमिडिया (लैंगिक संबंधातून होणारं इन्फेक्शन), छातीचे काही इन्फेक्शन, अगदी चेहऱ्यावरचे पिंपल्स, एवढ्या सगळ्याला डॉक्टर ती देतात, आणि तिचा बराचसा त्रास हा फक्त घ्यायच्या पद्धतीमुळे होतो, म्हणजे जो टाळता येतो.

तर ती कॅप्सूल. आपल्याला वाटतं गिळली की गेली पोटात. तसं नसतं. अन्ननलिका छातीतून खाली उतरते आणि मध्ये एका जागी हृदयातून निघालेली मोठी रक्तवाहिनी तिला चिकटून जाते, तिथे ती जराशी दाबलेली असते. पाणी कमी असेल किंवा माणूस लगेच झोपला तर कॅप्सूल नेमकी त्या जागी अडकते, वरचं जिलेटिन ओलं होऊन भिंतीला चिकटतं आणि आतली पावडर तिथेच विरघळायला लागते. डॉक्सीची पावडर विरघळली की चांगलीच आम्लधर्मी होते. पोटाला आम्लाची सवय असते, अन्ननलिकेला नसते. मग तिथे जखम होते. दुसऱ्या दिवशी सकाळी माणूस उठतो तो छातीच्या मधोमध जळजळ घेऊन, थुंकी गिळतानासुद्धा कळ येते, आणि वय जरा जास्त असेल तर सगळं घर हार्टचं काही आहे का म्हणून घाबरतं. (छातीत दुखलं तर ते दाखवायचंच, गोळीमुळे असेल म्हणून घरी बसायचं नाही, हे आधी सांगते.)

उपाय अगदी साधा. आधी एक घोट पाणी पिऊन तोंड आणि घसा ओला करायचा, मग बसून किंवा उभं राहून कॅप्सूल घ्यायची, आणि वर ग्लासभर पाणी प्यायचं, ग्लासभर म्हणजे खरोखर भरलेला ग्लास. त्यानंतर निदान अर्धा तास पाठ टेकायची नाही. दिवसातून दोनदा लिहिली असेल तर लोक रात्रीची गोळी दिवा घालवताना घेतात, आठवण राहते म्हणून. ती रात्रीच्या जेवणाबरोबर घ्या. डॉक्सी जेवणाबरोबर चालते, थोडी कमी शोषली जाते पण मळमळ बरीच कमी होते, आणि मळमळीमुळे गोळी सोडून देण्यापेक्षा ते केव्हाही बरं. ज्यांचं तोंड कोरडं पडतं, म्हातारी माणसं, पडून असलेले पेशंट, त्यांच्या बाबतीत तर घरच्यांनी हे डोळ्यात तेल घालून बघायला पाहिजे. आधीच गिळायला त्रास असेल तर डॉक्टरांना तसं सांगा, वेगळ्या प्रकारची गोळी किंवा सिरप देता येतं.

आता दुसरी गोष्ट, जी मला सगळ्यात जास्त महत्त्वाची वाटते कारण ती दिसत नाही. लोह आणि कॅल्शियम. डॉक्सी आणि तिच्या जातीची सगळी औषधं, टेट्रासायक्लिन म्हणतात त्यांना, ही लोह, कॅल्शियम, मॅग्नेशियम, ॲल्युमिनियम, झिंक यांना घट्ट धरतात, आणि एकदा का ते जोडीने अडकले की आतड्यातून ना औषध शोषलं जातं ना लोह. दोन्ही वाया. माणूस गोळ्या अगदी वेळेवर घेतोय, ताप काही उतरत नाहीये, आणि मग सगळे म्हणतात गोळी लागू पडत नाही, जास्त पॉवरची द्या.

काउंटरवर एका आजींशी झालेलं बोलणं सांगते, अशी बोलणी होतच असतात. मी विचारलं, "आजी, आणखी काही औषधं चालू आहेत का?" म्हणाल्या, "नाही गं बाई, काही नाही." मी म्हटलं, "रक्ताची गोळी, हाडांची गोळी, ॲसिडिटीचं पातळ औषध, असं काही?" तर म्हणाल्या, "ते घेते ना, पण ती काय औषधं आहेत का, ती ताकदीची." तिन्ही चालू होतं. आणि तिन्ही सकाळी एकदमच, एकाच मुठीत. त्यांची चूक नाही, आपण सगळे औषध म्हणजे आजारासाठीचं तेच धरतो, लोह कॅल्शियम मल्टिव्हिटॅमिन हे त्यात मोजतच नाही. म्हणून मी आता "औषधं चालू आहेत का" असं विचारतच नाही, एकेकाचं नाव घेऊन विचारते. तुम्हीही डॉक्टरकडे जाताना घरात तोंडावाटे जे जे जातं ते सगळं सांगा, आयुर्वेदिक काढा, भस्म, प्रोटीन पावडर, सगळं.

या गोष्टी आणि डॉक्सी यांच्यात दोन-तीन तासांचं अंतर लागतंच. लोहाचं तर असं आहे की ते रक्तात पोचलेल्या डॉक्सीलाही आतड्यात परत गाठतं, कारण डॉक्सी पित्तावाटे पुन्हा आतड्यात येत असते, त्यामुळे कोर्स छोटा असेल तर तेवढे दिवस लोह बंद ठेवू का हे डॉक्टरांना विचारून घ्या, हा प्रश्न विचारण्यात काही वावगं नाही. दुधाचा परिणाम डॉक्सीवर जुन्या टेट्रासायक्लिनइतका होत नाही. पण सिप्रोफ्लॉक्सॅसिन, म्हणजे सिप्रो, या दुसऱ्या अँटिबायोटिकवर होतो, सिप्रो नुसत्या दुधाबरोबर किंवा दह्याबरोबर घ्यायची नाही, आणि कॅल्शियम-लोह-ॲसिडिटीचं औषध यांच्या आधी दोन तास किंवा नंतर सहा तास असं अंतर ठेवायचं.

ऊन. डॉक्सी चालू असताना कातडी उन्हाला एकदम नाजूक होते, एरवी ज्या उन्हात काही होत नाही त्यात लालबुंद भाजल्यासारखी होते. बाहेरचं काम असेल तर पूर्ण बाह्या, टोपी, सनस्क्रीन. आणि पिंपल्ससाठी डॉक्सी घेणाऱ्या मुलामुलींनो, आयसोट्रेटिनॉइन (पिंपल्सचंच दुसरं औषध) आणि डॉक्सी एकत्र घ्यायची नसते, डोक्यातला दाब वाढू शकतो. एका डॉक्टरकडून एक आणि दुसऱ्याकडून दुसरी असं होऊन दोन्ही पोटात जाऊ शकतात, हे नक्की तपासा. खूप डोकं दुखतंय, दोन-दोन दिसतंय, अंधूक दिसतंय असं झालं तर गोळी थांबवा आणि त्याच दिवशी डॉक्टरांना गाठा. गरोदरपणात डॉक्सी टाळतात, कारण बाळाच्या वाढत्या दातांत आणि हाडांत ती जाऊन बसते. आठ वर्षांखालच्या मुलांनाही एरवी देत नाहीत, पण स्क्रब टायफससारख्या आजारात जीव वाचवायला ती थोडे दिवस देतात आणि ते बरोबर आहे, तिथे गुगल बघून पालकांनी औषध बंद करू नये एवढी हात जोडून विनंती.

आता ॲलर्जीकडे येते, यावर जरा रेंगाळणार आहे.

"मला पेनिसिलिनची ॲलर्जी आहे" हे वाक्य खूप जण सांगतात. अमेरिकेत मोजलंय त्यात साधारण दहा टक्के लोकांच्या फाईलवर हा शिक्का असतो, आणि त्यांची नीट टेस्ट केली की दहातल्या नऊ जणांना खरी ॲलर्जी नसतेच. कशी नसते? लहानपणी ताप आला असताना औषध दिलं, अंगावर पुरळ उठलं, ते पुरळ मुळात व्हायरसचंच होतं. किंवा पोट बिघडलं, उलटी झाली, ते ॲलर्जी म्हणून लिहिलं गेलं. किंवा आईला होती म्हणून मला असेल असं धरलं. शिवाय ज्यांना खरी ॲलर्जी होती त्यातल्या बहुतेकांची ती दहा वर्षांत निघून जाते. आता यावर कोणी म्हणेल बरंय ना, जपून राहिलेलं काय वाईट. वाईट हे की मग डॉक्टरांना दुसऱ्या फळीतलं, जास्त जंतूंवर एकदम मारा करणारं, जास्त साईड इफेक्टवालं औषध द्यावं लागतं, आणि ज्या इन्फेक्शनवर पेनिसिलिनच सगळ्यात चांगलं असतं तिथेही ते देता येत नाही. त्यामुळे ॲलर्जी आहे म्हणताना पुढचं पण सांगा: कुठलं औषध, घेतल्यावर किती वेळाने, नक्की काय झालं, किती वर्षं झाली, नंतर त्याच जातीचं काही घेतलंत का. यावरून डॉक्टर ठरवतील टेस्ट करायची का. घरी एक गोळी खाऊन बघू असं मात्र कधीही, कधीही करायचं नाही.

खरी ॲलर्जी कशी दिसते ते प्रत्येकाला माहीत हवं. गोळी घेतल्यावर काही मिनिटांत ते तास-दोन तासांत अंगावर गांधी उठतात, खाज सुटते, ओठ जीभ डोळे सुजतात, आवाज घोगरा होतो, श्वास घेताना शिट्टी वाजल्यासारखं होतं, चक्कर येऊन डोळ्यांसमोर अंधारी येते. नुसती खाज असेल तर पुढचा डोस न घेता डॉक्टरांना फोन, पण सूज किंवा श्वास यातलं काही असेल तर फोनाफोनी नाही, ॲलर्जीची गोळी देऊन वाट बघणं नाही, सरळ जवळचं हॉस्पिटल. दुसरा एक प्रकार उशिरा येतो, काही दिवसांनी, ताप येतो, तोंडात आणि डोळ्यांत फोड किंवा जखमा होतात, कातडी दुखते आणि सुटायला लागते. हा प्रकार क्वचित होतो, सल्फाच्या गोळ्यांनी जास्त ऐकू येतो, पण तो अतिशय गंभीर असतो, तिथे एक रात्रसुद्धा थांबायचं नाही.

आणि नावांचा घोळ. एकच औषध पन्नास ब्रँडच्या नावांनी मिळतं. ज्याला अमॉक्सिसिलिन (पेनिसिलिनच्याच जातीचं औषध) चालत नाही त्याला ब्रँडचं नाव लक्षात असतं, आतल्या औषधाचं नसतं, आणि मग पुढच्या वेळी वेगळ्या रंगाच्या पाकिटातून तेच औषध पोटात जाऊ शकतं. स्ट्रिपवर ब्रँडच्या नावाखाली बारीक अक्षरात जे लिहिलेलं असतं ते खरं नाव. त्याचा फोटो काढून ठेवा. मोबाईलमध्ये घरातल्या प्रत्येकाच्या नावाने एक फोल्डर करा, त्यात चालू गोळ्यांचे आणि त्रास झालेल्या गोळ्यांचे फोटो. काउंटरवर कोणी असा मोबाईल पुढे केला की माझं अर्धं काम होतं.

बाकी कुठली औषधं एकमेकांशी भांडतात याची यादी फार मोठी आहे, इथे सगळी देत नाही, पण काही जोड्या सांगायलाच हव्यात. रक्त पातळ करायची वॉर्फरिन चालू असेल तर जवळजवळ कुठल्याही अँटिबायोटिकने रक्त जास्तच पातळ होऊ शकतं, कोर्समध्ये तपासणी करून घ्यावी लागते. पाठदुखीवर देतात ती टिझॅनिडीन आणि सिप्रो एकत्र अजिबात नाही, बीपी धाडकन खाली येतं. कोलेस्ट्रॉलची सिमव्हास्टॅटिन आणि क्लॅरिथ्रोमायसिन हे अँटिबायोटिक एकत्र नाही, स्नायू खराब होतात आणि त्यातून किडनीला इजा होते. डायबेटिसच्या गोळ्या घेणाऱ्यांची साखर सिप्रो, लिव्होफ्लॉक्सॅसिन यांच्यावर असताना अचानक खाली जाऊ शकते, त्या दिवसांत मशीनवर जरा जास्त वेळा बघा. किडनीचं क्रिएटिनिन वाढलेलं असेल तर बऱ्याच अँटिबायोटिक्सचा डोस कमी करावा लागतो, म्हणून रिपोर्ट बरोबर न्या. आणि एक भीती कमी करते, गर्भनिरोधक गोळ्यांचा परिणाम बहुतेक अँटिबायोटिक्समुळे कमी होत नाही, टीबीवर देतात ते रिफॅम्पिसिन आणि त्याच्या जातीची औषधं सोडून, फक्त उलट्या-जुलाब झाले तर गोळी अंगी लागत नाही हे लक्षात ठेवा.

सिप्रो-लिव्हो या गटाबद्दल आणखी एक. टाचेच्या मागची जाड शीर (रक्ताची नव्हे, पोटरीचा स्नायू टाचेला जोडणारा दोर) दुखायला लागली, सुजली, तर चालून चालून दुखत असेल म्हणून सोडून देऊ नका. या औषधांनी ती शीर सुजते आणि कधीकधी तुटते, साठीच्या पुढच्या आणि स्टेरॉइड घेणाऱ्या लोकांत जास्त, अमेरिकेत औषधांवर देखरेख ठेवणाऱ्या एफडीएने २००८ साली त्यांच्या माहितीपत्रकावर त्यासाठी काळ्या चौकटीतली ताकीद घालायला लावली. दुखलं की व्यायाम बंद, पुढचा डोस घ्यायच्या आधी डॉक्टरांशी बोलायचं.

सर्दी, फ्लू, बहुतेक खोकले, बहुतेक घसेदुखी हे व्हायरसचं काम, तिथे अँटिबायोटिक काही करत नाही. कफ हिरवा-पिवळा झाला म्हणजे जंतू आलेच असंही नाही, तो रंग आपल्याच पांढऱ्या पेशींमुळे येतो. एवढं बहुतेकांना आता माहीत आहे, तरी डॉक्टरांनी नुसतं पॅरासिटामॉल दिलं की "काहीच दिलं नाही" म्हणून नाराज होतात. ज्या डॉक्टरने गरज नसताना अँटिबायोटिक दिलं नाही त्याने तुमच्यासाठी काहीतरी केलंय, माझ्या मते तर खूप केलंय.

आता कोर्स किती दिवसांचा यावर, कारण यात गेल्या काही वर्षांत विचार बदललाय आणि लोकांचा गोंधळ होतो. अलेक्झांडर फ्लेमिंगने १९२८ मध्ये पेनिसिलिन शोधलं, १९४५ मध्ये त्याला नोबेल मिळालं तेव्हा भाषणात त्याने सांगितलं होतं की जंतूंना मरणार नाही एवढ्या कमी डोसमध्ये पेनिसिलिन दिलं तर ते त्याला दाद देईनासे होतात. तिथपासून "कोर्स पूर्ण करा" हे आपल्या डोक्यात बसलं. ते डोसबद्दल खरंच आहे, अर्धी गोळी करून घेणं, दोनच्या जागी एकदाच घेणं हे वाईटच. पण जितके जास्त दिवस तितकं चांगलं, हे मात्र खरं नाही. औषध जेवढे जास्त दिवस पोटात जातं तेवढे दिवस आतड्यातले, कातडीवरचे, घशातले निरुपद्रवी जंतूही त्याच्या संपर्कात राहतात आणि त्यांच्यात रेझिस्टन्स, म्हणजे औषधाला दाद न देण्याची ताकद, वाढतो, तो पुढे दुसऱ्या जंतूंकडे जातो. म्हणून आता साध्या न्यूमोनियाला पेशंट सुधारत असेल तर पाच दिवस पुरतात असं दिसून आलंय, पूर्वी दहा दहा दिवस द्यायचे. उलट स्ट्रेप जंतूने धरलेल्या घशाला पेनिसिलिन दहा दिवस देतात कारण जंतू मागे राहिले तर हृदयाच्या झडपांपर्यंत जाणारा संधिज्वर होऊ शकतो, आणि टीबीला महिनेच्या महिने, तिथे तर एक दिवस चुकवायचा नाही. म्हणजे प्रत्येक इन्फेक्शनचं गणित वेगळं.

तर मग आपण काय करायचं? आपल्या मनाने थांबवायचं नाही, आपल्या मनाने वाढवायचं नाही. चिठ्ठी हातात घेतानाच विचारायचं, "डॉक्टर, हे किती दिवस, आणि दोन-तीन दिवसांत एकदम बरं वाटलं तर तुम्हाला विचारून थांबवता येईल का?" आणि दुसरं, "बरं नाही वाटलं तर कितव्या दिवशी येऊ?" बहुतेक वेळा अठ्ठेचाळीस ते बहात्तर तासांत उतार दिसायला लागतो, तो नाही दिसला तर औषध बदलायची, कल्चर (लघवी, रक्त वगैरेतला जंतू वाढवून ओळखायची तपासणी) करायची वेळ असते. कल्चरसाठीचं सॅम्पल होईल तिथे अँटिबायोटिक सुरू करायच्या आधी द्यावं, नंतर दिलं तर जंतू रिपोर्टमध्ये सापडतच नाहीत. पेशंट फार सिरियस असेल तर अर्थातच कोणी त्यासाठी औषध अडवून ठेवत नाही.

वेळा का पाळायच्या तेही सांगते, कारण कारण कळलं की पाळलं जातं. अमॉक्सिसिलिन रक्तातून तासाभरात निम्मं होतं, म्हणून ते दिवसातून तीनदा, आणि तीनदा म्हणजे साधारण आठ आठ तासांनी, सकाळी नऊ दुपारी एक रात्री आठ असं नाही, कारण मग रात्रभराची मोठी पोकळी राहते. डॉक्सी निम्मी व्हायला अठरा-वीस तास लागतात, म्हणून ती एकदा किंवा दोनदा. अझिथ्रोमायसिनला तर तीनेक दिवस लागतात, म्हणून त्याचा कोर्स तीन दिवसांत संपतो पण औषध अंगात काम करत राहतं. तीनच गोळ्या दिल्या म्हणून आणखी तीन आणून खायच्या नाहीत. डोस चुकला तर आठवेल तेव्हा घ्या, पण पुढची वेळ जवळ आली असेल तर चुकलेला सोडून द्या, दोन एकदम नाही.

लहान मुलांच्या सिरपबद्दल जरा सविस्तर, कारण यात घरोघरी गडबड होते. बाटलीत कोरडी पावडर असते आणि पाणी आपण घालायचं असतं. आधी बाटली तळहातावर आपटून पावडर मोकळी करायची, नाहीतर तळाला दगड होऊन बसते. मग उकळून पूर्ण गार केलेलं पाणी, कोमट नाही, खुणेच्या निम्म्यापर्यंत घालायचं, झाकण लावून जोरात हलवायचं. फेस येतो. तो बसू द्यायचा, कारण फेसाचा वरचा काठ खुणेला टेकला की लोकांना वाटतं झालं, आणि फेस बसला की पातळी खाली आलेली असते, म्हणजे औषध घट्ट झालं आणि प्रत्येक डोसमध्ये जास्त जातंय. फेस बसल्यावर खुणेपर्यंत उरलेलं पाणी घालून पुन्हा हलवायचं. बाटलीवर पेनने तारीख लिहायची. अमॉक्सिसिलिन-क्लॅव्हुलॅनिक ॲसिडचं तयार सिरप फ्रिजमध्ये ठेवायचं आणि साधारण सात दिवसांनी टाकून द्यायचं, नक्की किती ते लेबलवर असतं. दर वेळी देताना आधी हलवायचं, नाहीतर पहिल्या दिवशी नुसतं पाणी आणि शेवटच्या दिवशी सगळा गाळ. माप औषधाबरोबर आलेल्या सिरिंजने किंवा टोपणाने, घरातला चमचा नको. आणि "मागच्या वेळी पाच एमएल दिलं होतं" यावर जाऊ नका, एकाच नावाच्या सिरपमध्ये वेगवेगळ्या ताकदी असतात आणि मुलाचं वजनही वाढलेलं असतं. दुधाच्या भरल्या बाटलीत औषध मिसळू नका, बाळाने निम्मी बाटली सोडली तर निम्मं औषध गेलं. दिल्या दिल्या उलटी झाली तर पुन्हा द्यायचं का ते फोन करून विचारा. काउंटरवर सांगितलं तर आम्ही पाणी घालून, हलवून, खूण दाखवून देतो, मागायला संकोच करू नका.

उरलेल्या गोळ्या पुढच्या वेळेसाठी डब्यात ठेवायच्या नाहीत, शेजारी त्याच तापाने पडला म्हणून द्यायच्या नाहीत. पुढचं इन्फेक्शन वेगळं असतं, उरलेल्या चार गोळ्या कुठल्याच आजाराचा कोर्स नसतो. एक्स्पायरी झालेल्या जुन्या टेट्रासायक्लिनने किडनीला इजा झाल्याच्या केसेस १९६३ मध्येच नोंदल्या गेल्यात. संडासात किंवा बेसिनमध्ये ओतायच्या नाहीत, ते पाण्यावाटे पुढे जंतूंपर्यंत पोचतं. परत घेण्याची सोय असेल तिथे द्या. २०१९ या एका वर्षात जगभरात औषधाला दाद न देणाऱ्या जंतूंमुळे थेट सुमारे १२ लाख ७० हजार माणसं गेली, हा आकडा लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आला तेव्हा मी तो दोनदा वाचला, आणि तेव्हापासून "ताई, मागच्या वेळच्याच चार गोळ्या द्या ना, चिठ्ठी नाहीये" याला माझ्याकडून ठाम नाही असतं. त्यात माणसाला त्रास द्यायचा हेतू नसतो, खरंच नसतो.

शेवटी, कोर्स संपल्यानंतरचं. अँटिबायोटिकवर असताना थोडं पातळ होणं चालतं, भरपूर पाणी, ओआरएस, बहुतेकांचं आपोआप थांबतं. पण दिवसातून अनेकदा पाण्यासारखं, पोटात पिळवटून, ताप, शौचात रक्त असं असेल तर ते वेगळं, आतड्यातले चांगले जंतू मेले की क्लॉस्ट्रिडियम डिफिसिल नावाचा जंतू तिथे माजतो आणि त्याचं विष आतडं सुजवतं. तिथे जुलाब थांबवायची गोळी घेऊ नका, विष आतच कोंडतं. हे औषध चालू असतानाच होतं असं नाही, बंद करून दोन महिने उलटल्यावरही होऊ शकतं. तसंच अमॉक्सिसिलिन-क्लॅव्हुलॅनिक ॲसिडनंतर कधीकधी लिव्हरला सूज येते, डोळे पिवळे, लघवी गडद, अंगाला खाज, आणि तीही गोळ्या संपून काही आठवडे झाल्यावर, वयस्क पुरुषांमध्ये जास्त. एवढ्या दिवसांनी कोणाला त्या गोळ्या आठवणार? म्हणून अँटिबायोटिक घेतल्यावर पुढचे दोन-तीन महिने कुठल्याही तक्रारीसाठी, अगदी दुसऱ्याच डॉक्टरकडे गेलात तरी, कुठलं घेतलं होतं आणि कधी संपलं ते स्वतःहून सांगा, त्यांनी विचारलं नाही तरी.